डिसेंबरच्या सुटीत युकातान: इसामाल, वायादोलिद, कांपेचे आणि वाटेवरची गावं

अमेरिकेतल्या मराठी घरांत नाताळच्या सुटीचं गणित दरवर्षी सारखंच असतं. भारताची तिकिटं आवाक्याबाहेर गेलेली, दाराबाहेर बर्फ आणि मुलं दोन आठवडे घरात. मग कोणीतरी कानकुनचं नाव काढतं. त्याच विमानाने जा, पण उतरल्यावर समुद्राकडे पाठ करून पश्चिमेची वाट धरा. दोन तासांत मेक्सिकोचा असा भाग लागतो, जिथे संध्याकाळी सगळं गाव चौकात बसतं आणि बाजारात माया लोकांची भाषा कानावर पडते. पर्यटकांच्या बस तिथे थांबल्या तरी तासाभरात पुढे जातात. युकातान आणि कांपेचे या दोन राज्यांतली ही गावं ८ ते १० दिवसांत, स्वतःच आखणी करून, नीट बघता येतात.

आधी कागद, मग तिकीट

भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिकेचा चालू मुदतीचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर १८० दिवसांपर्यंतच्या सहलीला वेगळा व्हिसा लागत नाही. कॅनडा, ब्रिटन, जपान आणि शेंगेन देशांचा चालू व्हिसाही चालतो. अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर घ्या.

घोडं अडतं ते एच-१बीवाल्यांचं, म्हणजे अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांचं. आय-७९७ हे मंजुरीपत्र आहे, मुदतवाढ मिळालेली आहे, नोकरी व्यवस्थित चालू आहे, पण पासपोर्टातल्या व्हिसाची तारीख उलटून गेली आहे. मेक्सिकोच्या लेखी हा माणूस बिनव्हिसाचा. आय-७९७ दाखवून उपयोग होत नाही, विमान कंपनी काउंटरवरच थांबवते. अशा वेळी मेक्सिकोच्या वकिलातीतून पर्यटक व्हिसा काढावा लागतो. सुटीच्या तोंडावर तिथल्या भेटीच्या वेळा भरतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच हे उरका.

परत येताना अमेरिकेचा नियम वेगळा आहे आणि तो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. व्हिसाची मुदत संपलेली असली, तरी फक्त मेक्सिको किंवा कॅनडात ३० दिवस वा कमी राहून परतणाऱ्याला चालू आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) आणि चालू दर्जा यांवर आत घेतात. अट एकच लक्षात ठेवा: त्या सहलीत अमेरिकेच्या नव्या व्हिसासाठी अर्ज केलात, तर ही सवलत गेली. ‘जातोच आहोत तर तिथून शिक्काही मारून घेऊ’ हा विचार म्हणूनच महागात पडतो. परतीच्या विमानतळावरच्या काउंटरवाल्यांना हा नियम माहीत असेलच असं नाही. सरकारी संकेतस्थळावरचं ते पान आणि आय-९४ दोन्ही छापून ठेवा.

ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, म्हणजे आय-४८५, भरलेला असेल तर एच आणि एल गटांतले लोक साधारणपणे आपापल्या व्हिसावर ये-जा करू शकतात. बाकीच्यांनी अ‍ॅडव्हान्स परोल, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, हातात येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नये, अर्ज सोडून दिला असं धरतात. या बाबतीत शेजाऱ्याचा अनुभव पुरत नाही, आपल्या वकिलाला विचारा. विद्यार्थ्यांनी आय-२० या कॉलेजच्या कागदावरची प्रवासाची सही तपासावी. ती एक वर्ष चालते, ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर असाल तर सहाच महिने.

आईबाबा भारतातून आले असतील तर त्यांचा चालू, अनेक प्रवेशांचा अमेरिकन व्हिसा मेक्सिकोला पुरतो. पण मेक्सिकोत चार दिवस काढून आल्यावर अमेरिकेतले सहा महिने नव्याने सुरू होतील, या आशेवर राहू नका. सहसा आधीच्या मुदतीतले उरलेले दिवसच मिळतात. अमेरिकेत जन्मलेल्या बाळालाही विमानासाठी स्वतःचा पासपोर्ट लागतो. आई किंवा बाबा यांपैकी एकच जण मुलांना घेऊन जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ असू द्या.

मेक्सिकोत उतरल्यावर अधिकारी शिक्क्याबरोबर किती दिवस दिले ते लिहितो. १८० मिळतीलच असं नाही. काउंटर सोडण्यापूर्वी तो आकडा वाचा. कमी असेल तर परतीचं तिकीट दाखवून तिथेच बोला, नंतर तो वाढवून मिळत नाही.

गाडी घेऊन सीमा ओलांडू नका

टेक्सासात राहणाऱ्यांच्या मनात हा विचार हमखास येतो. सीमेवरच्या ब्राउन्सव्हिलपासून युकातानची राजधानी मेरिदा दोन हजार किलोमीटरच्या आसपास आहे, आणि सुरुवातीची वाट तामाउलिपास राज्यातून जाते, जिथे जाऊच नका असं अमेरिकेचं परराष्ट्र खातं सांगत आलं आहे. अमेरिकेतला गाडीचा विमा मेक्सिकोत चालत नाही. सीमेच्या पट्ट्यापलीकडे गाडी न्यायची तर तात्पुरत्या आयातीचा परवाना आणि अनामत रक्कम लागते. डिसेंबरच्या मध्यापासून तर लाखो मेक्सिकन कुटुंबं सामानाने भरलेल्या गाड्या घेऊन गावी निघालेली असतात आणि सीमेवरच्या पुलांवर तासन्‌तास रांगा लागतात. विमानानेच जा. त्याच परराष्ट्र खात्याच्या यादीत युकातान राज्य अनेक वर्षं सर्वांत कमी धोक्याच्या पायरीवर राहिलं आहे. निघण्यापूर्वी त्या यादीत राज्याचं नाव शोधून ताजी नोंद वाचा. ‘मेक्सिको सुरक्षित आहे का’ हा प्रश्न ‘भारतात पाऊस पडतोय का’ यासारखाच आहे, उत्तर राज्य विचारल्याशिवाय देता येत नाही.

मेरिदा की कानकुन

ह्यूस्टन, डॅलस, मायामीहून मेरिदाला थेट विमानं आहेत. तिकीट महाग, पण उतरलात की गावांच्या मधोमध असता. कानकुनला स्वस्त आणि भरपूर विमानं असतात. तिथून वायादोलिद सुमारे १५५ किलोमीटर. चौघांचं कुटुंब असेल तर कानकुनला उतरून मेरिदाहून परतणं सोयीचं: वाट सरळ पुढे जाते, उलट फिरावं लागत नाही.

कानकुनला उतरणार असाल तर दोन गोष्टी आधीच कळलेल्या बऱ्या. सामान घेऊन बाहेर पडताना दोन्ही बाजूंना ‘माहिती केंद्र’वाले उभे असतात. ते गळ्यात ओळखपत्र घालून नम्रपणे ‘तुमची टॅक्सी इकडे’ म्हणतात. ते सुटीच्या घरांचे हप्ते विकणारे असतात. मान खाली घालून सरळ दाराबाहेर पडा. दुसरी गोष्ट व्हिसिटॅक्सची. कानकुन ज्या राज्यात आहे ते किंताना रू राज्य २०२१ पासून परदेशी पाहुण्यांकडून हा कर घेतं. तो फक्त राज्य सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर भरा. शोध घेतला की सारख्याच दिसणाऱ्या दलालांच्या साइट आधी येतात आणि त्या वर आणखी शुल्क लावतात.

घड्याळाचा घोटाळा याहून नुकसानीचा. कानकुन वर्षभर पूर्वेच्या वेळेवर चालतं, तर वायादोलिद, इसामाल, मेरिदा आणि कांपेचे शिकागो-डॅलसच्या हिवाळी वेळेवर. म्हणजे वायादोलिदहून सकाळी ९ ला निघून दोन तासांनी कानकुनला पोचलात, तर तिथे ११ नाही, १२ वाजलेले असतात. परतीचं विमान चुकवणारे बहुतेक जण या एका तासात अडकतात. फोन आपोआप वेळ बदलतो, पण तो राज्याची हद्द ओलांडल्यावर. आदल्या रात्री गजर लावताना तो जुनीच वेळ दाखवत असतो.

तारखा

हवा डिसेंबर-जानेवारीत उत्तम. दुपारी २८ अंशांच्या आसपास, रात्री १७-१८. मधूनच ‘नोर्ते’ येतो, म्हणजे उत्तरेचं थंड वारं. दोन दिवस आभाळ, भुरभुर पाऊस, समुद्र खवळलेला. एक स्वेटर पुरतो. तो बसमध्ये तर लागतोच, कारण पहिल्या वर्गाच्या बसमधला एसी गारठवून टाकतो.

१२ डिसेंबर हा ग्वादालुपेच्या मातेचा दिवस. त्याआधीचे काही दिवस तरुणांच्या टोळ्या हातात मशाल घेऊन हमरस्त्यांवरून धावत आपापल्या गावी परततात, मागे हळू चालणारा ट्रक आणि सायकली. आषाढीआधी पुणे-सासवड रस्त्यावर गाडी जशी चालवावी लागते, तशीच इथेही चालवा. १६ ते २४ डिसेंबर पोसादा, म्हणजे मेरी-जोसेफला आसरा मागत घरोघर फिरण्याचे दिवस. ३१ च्या रात्री जुन्या कपड्यांत पेंढा आणि फटाके भरून केलेला ‘म्हातारा’ दारात जाळतात. होळी आणि दिवाळी एकत्र आल्यासारखा आवाज होतो, लहान बाळ असेल तर चौकापासून दूरची खोली घ्या. ६ जानेवारीला तीन राजांचा दिवस, त्या दिवशी अंगठीच्या आकाराचा गोड पाव कापतात. ज्याच्या तुकड्यात लहानसं बाहुलं निघेल त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे पानात गुंडाळून वाफवलेले उंडे, खाऊ घालायचे.

२५ डिसेंबर आणि १ जानेवारी हे दोन दिवस प्रवासाला ठेवू नका. लहान गाड्या जवळजवळ बंद असतात आणि हॉटेलबाहेर जेवण मिळणं मुश्कील होतं. आदल्या दिवशी दुपारपर्यंत फळं, पाव आणि पाणी आणून ठेवा. सर्वांत सैल काळ ७ जानेवारीनंतरचा. मेक्सिकोतल्या शाळा सुरू झालेल्या असतात आणि खोल्यांचे भाव उतरतात.

फिरायचं कशाने

दोन मोठ्या गावांमधल्या प्रवासाला आदो या बस कंपनीची पहिल्या वर्गाची बस घ्या. आसन क्रमांक मिळतो, सामानाला बिल्ला मिळतो. त्यांच्या संकेतस्थळावर अमेरिकन कार्ड अनेकदा नाकारलं जातं. दोनदा नाकारलं तर तिसऱ्यांदा हट्ट करू नका, आदल्या दिवशी तिकीट खिडकीवर रोख देऊन काढा. २० डिसेंबर ते ६ जानेवारीच्या गाड्या मात्र भरतात, तेव्हा ‘उद्या बघू’ चालत नाही.

लहान गावांना ‘कोलेक्तिवो’ जाते. ही म्हणजे आपली वडाप: व्हॅन भरली की सुटते, वेळापत्रक नाही, हात केला की थांबते, उतरताना पैसे. सकाळी भराभर मिळतात, संध्याकाळी ५-६ नंतर विरळ होतात. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे जातानाच चालकाला विचारून ठेवा: ‘आ के ओरा साले ला उल्तिमा?’

माया रेल्वे डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि पूर्ण १,५५४ किलोमीटरची फेरी वर्षभराने खुली झाली. डबे नवे, प्रवास आरामाचा. अडचण अशी, की स्टेशनं गावाबाहेर आहेत. मेरिदाचं तेया स्टेशन शहराच्या कडेला आहे, तिथून विजेच्या बसने आत यावं लागतं. स्टेशनापर्यंतचा वेळ दोन्ही टोकांना धरला तर मेरिदा-कांपेचे प्रवासात बसच सुटसुटीत. वायादोलिद ते इसामालला मात्र रेल्वेचा खरा उपयोग आहे, कारण तिथे थेट बस मोजक्याच.

भाड्याची गाडी मानी, तिकुल ही गावं आणि उश्माल, एद्झना इथले माया अवशेष यांसाठी दोन-तीन दिवस घ्या, पूर्ण सहलीसाठी नको. इंटरनेटवर दिवसाला काही डॉलर एवढंच भाडं दिसतं आणि काउंटरवर ते तिप्पट-चौपट होतं. कारण असं की तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा मेक्सिकोत सक्तीचा आहे आणि अमेरिकन क्रेडिट कार्डाचं संरक्षण फक्त भाड्याच्या गाडीच्या डागडुजीपुरतं असतं. हा विमा धरूनच भाव मागा, लेखी घ्या. अपघात झाला आणि जबाबदारी ठरेपर्यंत पैशाची हमी नसली, तर पोलीस चालकाला थांबवून ठेवू शकतात, म्हणून इथे काटकसर नको.

रस्ते सरळ आणि सपाट आहेत. धोका ‘तोपे’चा, म्हणजे गतिरोधकाचा. प्रत्येक गावाच्या वेशीवर, शाळेपुढे, कधी नुसत्या झाडाच्या सावलीत रंग उडालेला उंचवटा असतो, आणि तो आपल्याकडच्यापेक्षा कडक असतो. सूर्य मावळला की गाडी उभी करा. बिनदिव्यांच्या सायकली, तीनचाकी आणि गुरं रस्त्यावर असतात. पेट्रोल पंपावर भरणारा माणूस असतो. आकडा शून्यावर आहे हे खाली उतरून पाहा, हिरवा नळ साध्या पेट्रोलचा, ‘माग्ना’ म्हणायचं, आणि त्याला ५-१० पेसो द्यायचे. गाडी बंद पडली तर ०७८ वर ‘हिरवे देवदूत’ ही सरकारी मदत आहे. आणीबाणीचा क्रमांक अमेरिकेतलाच, ९११.

पैसे

गेल्या काही वर्षांत डॉलरला साधारण १७ ते २० पेसो पडत आले आहेत. पेसोची खूणही डॉलरसारखीच लिहितात. चहाकॉफीच्या पाटीवर ६० आणि पुढे ती खूण दिसली तर दचकू नका, ते पेसो आहेत. उलट एखाद्या सहलवाल्याने ‘६०’ म्हटलं तर कशात ते आधी विचारा.

रोख बँकेच्या एटीएममधून काढा, दुकानातल्या सुट्या यंत्रातून नाही. शेवटी पडदा विचारतो, आमच्या दराने रूपांतर करू का? नाही म्हणा. नाही म्हटल्यानेही पैसे निघतात आणि दर तुमच्या बँकेचा लागतो. इसामालसारख्या गावात यंत्रं दोन-तीनच. मेक्सिकोत कायद्याने वर्षअखेरचा बोनस २० डिसेंबरपूर्वी द्यावा लागतो, त्यामुळे त्या आठवड्यात एटीएमपुढे रांगा असतात आणि शनिवार-रविवारी पैसे संपतात. मेरिदा किंवा वायादोलिदलाच पुरेशी रोख काढून निघा.

आता नोटा जरा जवळून पाहा. ५०० ची नवी नोट निळी आहे आणि तिच्यावर बेनितो हुआरेस आहेत. २० ची जुनी नोटही निळी, तिच्यावरही हुआरेसच. अंधारात टॅक्सीवाल्याला २० म्हणून ५०० दिली जाते. ५०० ची लांबीला मोठी आणि कागदी, २० ची प्लास्टिकसारखी गुळगुळीत आणि छोटी. दोन्ही वेगळ्या कप्प्यांत ठेवा. लहान दुकानात ५०० चे सुटे मिळत नाहीत, ते सुपरमार्केटात मोडून घ्या.

कुठे किती रात्री

वायादोलिद ३, इसामाल २, मेरिदा २, कांपेचे २. नवखे लोक नऊ रात्रींत सात गावं बसवतात आणि निम्मा वेळ सामान बांधण्यात घालवतात. ही गावं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर खुलतात. मुक्काम नसेल तर दोन्ही वेळा हातच्या जातात.

नावं वाचायची सवय करून घ्या. दोन ‘एल’ म्हणजे य, म्हणून वायादोलिद. मायाभाषेतला ‘एक्स’ म्हणजे श, म्हणून उश्माल. पत्त्यांची पद्धत एकदा कळली की नकाशा लागत नाही. मेरिदात सम क्रमांकाचे रस्ते उत्तर-दक्षिण, विषम पूर्व-पश्चिम. ‘काये ६०, ५५ आणि ५७’ असा पत्ता म्हणजे ६० नंबरच्या रस्त्यावर, ५५ आणि ५७ यांच्या मध्ये. टॅक्सीवाल्याला घरक्रमांक सांगून काही होत नाही, हे दोन आडवे रस्ते सांगा.

वायादोलिदला गावातच, चौकापासून तीन-चार चौक चालून गेलं की साकी नावाचं सेनोते, म्हणजे चुनखडीत उघडं पडलेलं पाण्याचं कुंड आहे. गावाच्या नैर्ऋत्येला सान बेर्नार्दिनोचा मठ, १५५२ मध्ये बांधायला घेतलेला. त्याच्या आवारातली विहीरही खालच्या सेनोतेवरच बांधली आहे. उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर ‘एक बालाम’ या नावाचे माया अवशेष: तिथल्या राजाच्या थडग्याच्या दारावर उघड्या जबड्याचं चुन्यातलं शिल्प आहे, हजारएक वर्षांनंतरही दात शाबूत. चिचेन इत्सा हे प्रसिद्ध माया अवशेष वायादोलिदहून सुमारे ४५ किलोमीटर. जायचंच असेल तर सकाळी ८ ला दार उघडताना तिथे असा, ११ वाजता कानकुनच्या बस ओतल्या जातात.

इसामाल मेरिदाच्या पूर्वेला ७० किलोमीटर. सगळं गाव पिवळं. मधोमध सान आन्तोनियोचा मठ आहे, तो पाप-होल-चाक नावाच्या पिरॅमिडच्या चौथऱ्यावर, त्याचेच दगड काढून १५४९ ते १५६१ या काळात उभा केला. पुढच्या पटांगणाला ७५ कमानी आहेत. १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे इथे आले होते. मठाच्या पायऱ्यांवर उभं राहून उत्तरेकडे पाहिलं तर घरांच्या मागे झाडीची टेकडी दिसते. ती टेकडी नव्हे, किनिच काकमो पिरॅमिड आहे, सुमारे ३४ मीटर उंच. चढायला पैसे नाहीत. पायऱ्या अरुंद आणि उंच, वरचा टप्पा अर्धवट ढासळलेला. उतरताना तोंड पायऱ्यांकडे करून तिरके उतरा. आईबाबांना पहिल्या टप्प्यावरच्या सपाट जागेत बसवलं तरी मठ समोर दिसतो. सूर्यास्ताला अर्धा तास असताना जा आणि बॅटरी बरोबर घ्या.

हा मठ उभारण्यात दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन पाद्र्याचा मोठा हात होता. त्यानेच १२ जुलै १५६२ रोजी मानी गावात माया हस्तलिखितं आणि मूर्तींची होळी केली. मजा, की शोकांतिका, कशी म्हणावी: माया लोकांच्या चालीरीतींबद्दल जे आज माहीत आहे त्यातलं बरंचसं याच माणसाने पुढे लिहून ठेवलं. इसामालच्या चौकाजवळ त्याचा पुतळा आहे. म्हणून क्रम इसामाल आधी, मानी नंतर असा ठेवा. मेरिदाहून मानी सुमारे १०० किलोमीटर. त्याच दिवशी तिकुलची मातीची भांडी आणि ओश्कुत्सकाबचा फळबाजार होतो. बाजार सकाळचा आहे, आधी तो करा.

कांपेचेला आदोने मेरिदाहून अडीच तास. १६८५ मध्ये चाच्यांनी शहर लुटलं आणि पुढच्याच वर्षी तटबंदीचं काम सुरू झालं. १९९९ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. सिंधुदुर्ग, जंजिरा बघितलेल्या माणसाला तट ठेंगणा वाटेल. मौज आतल्या गल्ल्यांची आहे, रंगीत घरांच्या ओळी आणि ५९ नंबरचा रस्ता, जो समुद्राच्या दारापासून जमिनीच्या दारापर्यंत सरळ जातो. सान मिगेल किल्ल्यातल्या संग्रहालयात कालाकमुल या माया शहरातला जेडचा मुखवटा आहे. सोमवारी जाऊ नका, बंद असतं. सूर्य इथे समुद्रात बुडतो, ५ वाजल्यापासून काठावर सगळं गाव चालायला येतं.

जेवण

दुपारचं जेवण २ ते ४, तेच मोठं. इसामालसारख्या गावात बऱ्याच खानावळी ६-७ ला चूल विझवतात. रात्री ८ ला ‘बसून जेवू’ म्हणून निघालात तर चौकातल्या गाड्यांवरच पोट भरावं लागतं. तसं त्यात वाईट काही नाही. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, वाट पाहत बसू नका: ‘ला क्वेन्ता, पोर फावोर.’

मांसाहाऱ्यांची चैन आहे. डुक्कर आणि टर्की हीच इथली मुख्य मांसं, गोमांस कमी. शाकाहाऱ्यांनी मात्र एक लक्षात घ्यावं. ‘सिन कार्ने’ म्हणजे ‘बिनमांसाचं’ म्हणून चालत नाही, कारण इथल्या बोलण्यात कोंबडी आणि हॅम ‘कार्ने’त धरतातच असं नाही. पूर्ण वाक्य म्हणा: ‘नो कोमो कार्ने, नी पोयो, नी हामोन, नी पेस्कादो’ (मांस, कोंबडी, हॅम, मासे यांपैकी काही खात नाही). मग दुसरा प्रश्न: ‘तिएने मान्तेका?’ मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, ती घोटलेल्या काळ्या घेवड्यात आणि तामालच्या पिठात सर्रास असते. भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो.

निर्धास्त खाता येणारं म्हणजे सिकिल पाक: भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, भाजलेला टोमॅटो आणि कोथिंबीर वाटून केलेलं. खोबरं घातलं तर आपलीच चटणी. पापाद्झुलेमध्ये याच बियांच्या वाटणात बुडवलेल्या मक्याच्या पोळ्या आणि आत उकडलेलं अंडं. चाया नावाच्या पाल्याची अंडाभुर्जी सकाळी सगळीकडे मिळते. रात्री चौकात मार्केसिता: पातळ कुरकुरीत सुरळी, आत किसलेलं एडाम चीज. गोड आणि खारट एकत्र, मुलं दोन-दोन खातात. मक्याच्या पोळ्या किलोने विकणारं दुकान प्रत्येक गल्लीत असतं. मका चुन्याच्या पाण्यात उकडून दळलेला असतो, त्यामुळे वास वेगळा येतो. अर्धा किलो घ्या, भाकरीसारख्या फडक्यात गुंडाळून ठेवा, उघड्या राहिल्या तर वीस मिनिटांत चामडं होतं.

टेबलावरच्या हाबानेरो मिरचीच्या वाटीला कमी लेखू नका. लवंगीवर वाढलेल्या जिभेनेही आधी चमच्याच्या टोकावर घेऊन बघावं. तिखट आत पोचायला अर्धा मिनिट लागतो आणि तोवर माणूस दुसरा चमचा वाढून घेतो.

फळबाजारात ‘चिको सापोते’ विचारा. आपला चिकू शब्द तिथून आला, फळही तिथलंच, घोलवड-डहाणूला ते फार नंतर पोचलं. पाणी मात्र नळाचं पिऊ नका. खोलीत २० लिटरचा बाटला नसेल तर मागून घ्या.

सेनोतेत उतरताना

उत्तर युकातानात जमिनीवरून वाहणारी नदी नाही. चुनखडीतून पाणी खाली जातं आणि छत कोसळलं की विहिरीसारखं कुंड उघडं पडतं, तेच सेनोते. पाणी बारा महिने २४-२५ अंशांचं, आत शिरताना गार लागतं. मलम, मच्छर पळवणारं तेल, अत्तर काही लावून जायचं नाही, दारातच अंघोळ करायला लावतात. कारण हे पाणी पुढे गावाच्या विहिरींत जातं. उन्हासाठी बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. लाइफ जॅकेट बहुतेक ठिकाणी सक्तीचं आहे, ते पोहता येत असलं तरी घ्या: कडेला उथळ भाग नसतो, पहिल्या पायरीनंतर सरळ खोल. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, रबरी चप्पल घसरते, पट्ट्याची सँडल चालते. मुलांचे चष्मे दोरीने बांधा, इथे पडलेला चष्मा परत मिळत नाही. शक्यतो रोख घेऊन, सकाळी दार उघडताना पोचा. वायादोलिदपासून ७ किलोमीटरवर शकेकेन आणि सामुला ही दोन्ही एकाच आवारात आहेत.

परतताना

ताजी फळं, मिरच्या, डुकराच्या मांसाचे पदार्थ सामानात नकोत. शंका असेल ते अधिकाऱ्याला आधीच सांगा, सांगितलेल्या वस्तूला दंड होत नाही, फार तर काढून घेतात. अवशेषांवर ‘सापडलेली’ म्हणून विकायला आणलेली मूर्ती घेऊ नका. खरी असेल तर देशाबाहेर नेणं गुन्हा, खोटी असेल तर पैसे गेले.

अमेरिकेत शिरताना एच-१बीवाल्यांनी नवा आय-७९७ न विचारता पुढे करावा. अधिकारी कधी फक्त व्हिसावरची तारीख बघून आय-९४ ची मुदत टाकतो आणि ती मंजुरीपेक्षा कमी पडते. पासपोर्टाची मुदत जवळ आली असेल तर आय-९४ ही तेवढ्यावरच तोडतात. घरी पोचलात की बॅगा उघडण्याआधी संकेतस्थळावर नवा आय-९४ काढून तारीख बघा. चूक त्याच आठवड्यात विमानतळावरच्या दुरुस्ती कार्यालयात जाऊन सुधारून घेता येते. सहा महिन्यांनी लक्षात आली, तर तोवर मुदतीबाहेर राहिल्याचे दिवस मोजले जात असतात.